दिवाळीनंतरचा पाऊस आणि खळ्यावरचा माल: खान्देशात काय आधी करायचं, काय नंतर

नुसता भिजलेला माल बहुतेकदा वाचतो. तोच ओला माल घाईघाईत कोरड्यावर टाकून वर ताडपत्री ओढली, की ओला आणि कोरडा दोन्ही हातचे जातात. दिवाळीनंतर पाऊस झाला की आमच्या भागात दरवर्षी हेच घडतं. पाऊस दोन तासांत उघडतो, नुकसान मात्र पुढचे दोन-तीन दिवस झाकलेल्या ढिगात चालू राहतं. एका वर्षी आमच्याच ओसरीत असं झालं. संध्याकाळी शिंतोडे आले म्हणून अंगणातला अर्धवट ओला कापूस आधी वेचलेल्या कोरड्या कापसावर लोटला. तिसऱ्या दिवशी हात घातला तर आतून वाफ येत होती, आणि अडत्याने सगळा ढीग एकाच भावात मोजला: ओल्याच्या.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळासाठी आहे. भर कापूस, मका आणि मिरचीवर दिला आहे, कारण याच दिवसांत हा माल उघड्यावर असतो. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. बहुतेकांची चूक क्रमातच होते.

## टप्पा १: आभाळ स्वच्छ असतानाची तयारी

ताडपत्री आभाळ भरून आल्यावर आणायची नसते. त्या दिवशी तालुक्याच्या दुकानात हवं ते माप मिळत नाही, आणि मिळेल ते घेतलं की ते हमखास तोकडं पडतं.

माप असं काढा. ढिगाची लांबी, त्यात उंचीची दुप्पट, शिवाय दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकायला दोन-दोन फूट. मक्याच्या कणसांचा ढीग १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ३ फूट उंच असेल तर लांबीला १२ + ६ + ४ म्हणजे २२ फूट आणि रुंदीला १० + ६ + ४ म्हणजे २० फूट. उतरत्या ढिगाला थोडी कमी पुरते, पण मोजून घेतलेली कधी कमी पडत नाही. जुनी ताडपत्री उन्हात धरून बघा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथून पाणी येणार. घडीवरच्या रेषा आधी फाटतात, त्या नीट तपासा.

यापेक्षा मोठं काम खालच्या बाजूला आहे. पाणी वरून जेवढं येतं त्याहून जास्त खालून येतं. काळ्या मातीच्या खळ्यात पाणी जिरायला वेळ लागतो आणि ते ढिगाखाली साचून राहतं. म्हणून ढिगाची जागा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करून घ्या. त्यावर मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा (कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) जाड थर द्या आणि माल त्यावर रचा. वरच्या अंगाला अर्धा फूट खोल चर खणा आणि त्याचं तोंड उताराला काढून द्या. दोन माणसांचं हे सकाळभराचं काम.

कापसासाठी सुती चादरी किंवा जुनी धोतरं वेगळी काढून ठेवा. युरियाच्या गोण्या आणि नायलॉनची सुतळी वापरू नका. त्यांचे धागे कापसात मिसळतात, जिनिंगमध्ये ते निघत नाहीत आणि प्रत जाते.

तपासणी: तयारी झाल्यावर खळ्याच्या वरच्या अंगाला दोन बादल्या पाणी ओता. ते चरात गेलं तर काम बरोबर आहे. ढिगाच्या जागेकडे वळलं तर चर पुन्हा खणा.

## टप्पा २: अंदाज वाचताना होणाऱ्या चुका

पहिली चूक नावाची. हवामान खात्याच्या पत्रकात 'खान्देश' नावाचा विभाग नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतात, आणि त्याच उपविभागात पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरही आहेत. 'मध्य महाराष्ट्रात पाऊस' हे वाचून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. जिल्हावार तक्ता उघडा आणि आपल्या जिल्ह्याची ओळ बघा.

दुसरी चूक शब्दांची. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस कमी, असं आपण धरून चालतो. हा शब्द पावसाच्या जोराबद्दल नसून तो किती जागी पडेल याबद्दल आहे. साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस होण्याची शक्यता असते तेव्हा तो वापरतात. तुमचं गाव त्या चौथ्या हिश्श्यात सापडलं तर गारा तुमच्याच शेतात पडतील आणि शेजारचं गाव कोरडं राहील. दिवाळीनंतरचा वादळी पाऊस असाच पट्ट्यापट्ट्याने येतो. जोर कळायला 'हलका', 'मध्यम', 'जोरदार' हे शब्द बघा: १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, त्यावर जोरदार. खळ्यावर मिरची पसरली असेल तर तिला हलका पाऊससुद्धा पुरतो.

तिसरी चूक तारखेची, आणि ती सर्वांत महाग पडते. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. २६ तारखेचा इशारा असेल आणि २६ ची संध्याकाळ कोरडी गेली, तर लोक 'टळलं' म्हणून ताडपत्री काढून झोपतात. २७ च्या पहाटे चारला आलेला पाऊस त्याच इशाऱ्यातला असतो. इशारा सकाळी साडेआठपर्यंत जिवंत आहे असंच धरा.

रंगांचा अर्थ साधा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. उघड्यावर माल असणाऱ्याने पिवळ्यालाच नारंगी समजावं, हे माझं मत. हे रंग सगळ्या जनतेसाठी ठरवलेले आहेत, पसरलेल्या मिरचीसाठी नाहीत.

मोबाइलवर तीन गोष्टी पुरतात: पाच दिवसांच्या अंदाजासाठी 'मौसम', शेतीच्या सल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि विजेसाठी 'दामिनी'. पावसाच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज दर काही तासांनी बघत राहा. पाच दिवसांचा अंदाज मजूर ठरवायला उपयोगी, तीन तासांचा ताडपत्री ओढायला.

इशारा: मोबाइलच्या गटांवर फिरणारे 'तोरणमाळला बर्फ पडला'चे फोटो बघून पावसाची तयारी करू नका. सातपुड्यात तोरणमाळ, डाब, वालंबा या भागांत गवतावर पांढरं दिसतं ते गोठलेलं दव असतं. त्यासाठी आभाळ निरभ्र आणि वारा शांत लागतो, म्हणजे पावसाच्या अगदी उलट स्थिती. खान्देशात हिमवर्षाव होत नाही. हिमाचल, काश्मीरात बर्फ पाडणारा पश्चिमी झंझावात पुरेसा दक्षिणेला उतरला आणि त्याला समुद्राकडून आलेलं बाष्प मिळालं, तर आपल्याकडे मेघगर्जनेसह पाऊस आणि गारा होतात. २६ नोव्हेंबर २०२३ ला उत्तर महाराष्ट्रात झालेली गारपीट अशाच दिवसांतली. तिकडच्या बर्फाची बातमी आली की आपला अंदाज उघडून बघावा, एवढाच तिचा उपयोग.

## टप्पा ३: आपल्या शेतातून आभाळ बघा

अंदाज जिल्ह्याचा असतो, बांध आपला असतो. आदल्या दिवशी चार गोष्टी तपासा.

रात्रीची थंडी अचानक गेली का? आभाळ झाकलेलं असलं की जमिनीची ऊब वर निसटत नाही. काल गोधडी लागत होती आणि आज उकडतंय, तर ढग आलेत.

पहाटे दव पडलं का? या दिवसांत स्वच्छ आणि शांत रात्रीनंतर हरभऱ्याच्या पानांवर दव हमखास दिसतं. ते दिसलं नाही तर सावध व्हा.

वारा कुठून येतोय? या काळात आपल्याकडे तो बहुधा उत्तर-पूर्वेकडून, कोरडा येतो. तो दक्षिण किंवा आग्नेयेकडे वळून दमट लागायला लागला, तर बाष्प यायला सुरुवात झाली.

चौथी गोष्ट दुपारची. सकाळपासून नुसतं पातळ, पसरट आभाळ असेल तर बराच वेळ हाताशी असतो. दुपारनंतर कोबीच्या गड्ड्यासारखे उंच ढग चढायला लागले आणि त्यांचा तळ काळा झाला, की तासाभराचाच वेळ समजा. म्हातारी माणसं 'आभाय भरी उनं' (आभाळ भरून आलं) म्हणत अंगणातला माल आवरायला लागतात ती याच वेळी, आणि ती बरोबर असतात.

तपासणी: चारपैकी दोन गोष्टी जुळल्या आणि जिल्ह्याला पिवळा इशारा असेल, तर टप्पा ४ लगेच सुरू करा. संध्याकाळची वाट बघू नका.

## टप्पा ४: कोणता माल आधी उचलायचा

पाऊस येणार म्हटल्यावर सगळे कापूस वेचायला धावतात. मजूर तिकडे जातात आणि खळ्यावर आधीच असलेला माल भिजतो. झाडावरच्या कापसाला निदान झाड तरी असतं. तो भिजला तरी लोंबत्या बोंडात वारा-उन्हाने बऱ्यापैकी सुकतो. जमिनीवर पसरलेल्या मालाला ती सोय नाही. म्हणून क्रम असा ठेवा.

१. पसरलेली लाल मिरची आणि मळणी झालेले मक्याचे दाणे. यांना थोडं पाणीही सोसत नाही. नंदुरबारच्या पथारींवर मिरची दिवसेंदिवस वाळत पडलेली असते. अर्धवट वाळलेली मिरची भिजली की तिचा रंग उडतो, ती फटकी म्हणजे पांढरट होते, आणि फटकीला भाव नाही.

२. अंगणात, ओसरीत, गाडीत असलेला वेचलेला कापूस.

३. कापून ठेवलेली ज्वारीची आणि मक्याची कणसं. ज्वारी भिजली की दाणा काळा पडतो.

४. कडबा आणि मक्याचा चारा. याला लोक शेवटी मोजतात, पण काळा पडलेला चारा जनावर तोंडात धरत नाही आणि उन्हाळ्यात तो विकत घ्यावा लागतो. निदान गंजीचा वरचा भाग तरी झाका.

५. वेळ आणि माणसं उरली तरच शेतातला पूर्ण फुटलेला कापूस. अर्धवट उमललेली बोंडं ओढून काढू नका. त्यांतला ओलसर कापूस चांगल्या कापसालाही बिघडवतो.

त्याच दिवशी फवारणी आणि खत टाकणं थांबवा, औषध धुऊन जातं. हरभऱ्याला पाणी द्यायचं ठरलं असेल तर तेही पुढे ढकला.

इशारा: पुढच्या टप्प्यात ढीग झाकण्याआधी ओला माल वेगळा काढा. जागा कमी असली तरी तो वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या चादरीवर ठेवा. लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

## टप्पा ५: झाकण्याची पद्धत

ढिगाचा माथा सपाट ठेवू नका. मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतार करा, नाहीतर ताडपत्रीवर तळं साचतं आणि तिथूनच ठिबकतं. ढिगावर आडव्या काठ्या किंवा बांबू टाकून मग ताडपत्री अंथरा. माल आणि ताडपत्री यांच्यात बोटभर हवा राहिली तर आतली वाफ मालावर गळत नाही.

कडा ढिगाखाली दुमडू नका. तशा दुमडल्या की वरून आलेलं पाणी थेट मालाखाली जातं. कडा बाहेरच्या अंगाला पसरवा आणि त्यांवर मातीने भरलेल्या गोण्या सलग मांडा. सुटे दगड वादळात घसरतात. वाऱ्याच्या दिशेची कड आधी दाबा, मग बाकीच्या. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर वरच्या अंगाची ताडपत्री खालच्या अंगाच्या ताडपत्रीवर हातभर चढली पाहिजे. कौलं बसवताना ठेवतो तोच क्रम.

मिरची पोत्यांत भरून झाकायची वेळ आली तर पोती ठासून भरू नका आणि एक रात्र उलटली की ती रिकामी करा.

## टप्पा ६: पाऊस आणि वीज चालू असताना

या टप्प्यात करायचं काम एकच: घरात राहायचं. ताडपत्रीची कड उडाली म्हणून कडकडाटात धावत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. एका ढिगासाठी असं करू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. बांधावरच्या निंबाखाली किंवा आंब्याखाली उभं राहू नका, जनावरंही तिथे बांधू नका. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा. जमिनीवर आडवं पडू नका.

## टप्पा ७: दुसरा दिवस, आणि इथेच बहुतेक नुकसान होतं

सकाळी आधी फोटो काढा, काहीही हलवण्यापूर्वी. तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल असे काढा. मग कामाला लागा.

ताडपत्री पहाटे उघडू नका, हवेत ओल असते. ऊन पडलं की, साधारण नऊ-दहाला, पूर्ण काढा आणि उलटी करून वाळत घाला. 'पुन्हा पाऊस येईल' या भीतीने दोन-तीन दिवस झाकून ठेवलेला ढीग आतून कुजतो. पाऊस पुन्हा येणार असला तरी मधले दोन तास ढीग उघडाच.

लगेच ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आतून गार लागलं तर ठीक. कोमट लागलं तर ढीग त्याच दिवशी फोडून पसरा. गरम लागलं आणि आंबूस वास आला तर तो भाग वेगळा करा, उरलेल्यात मिसळू नका.

कापूस: भिजलेला कापूस कोरड्या ओट्यावर वीतभर थरात पसरा आणि दिवसातून दोन-तीनदा वरखाली करा. शेतातला भिजलेला कापूस लगेच वेचू नका. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळू द्या, आणि वेचणीही दव सुकल्यावर सुरू करा. जमिनीवर पडलेला, मातीने माखलेला आणि कवडी झालेला (खराब होऊन घट्ट राहिलेला) कापूस वेगळ्या ओटीत घ्यायला सांगा. वेचणाऱ्या बायांना हे सकाळीच सांगितलं तर होतं, दुपारी सांगून उपयोग नाही. वाळला की नाही बघायला सरकी दातांत धरा. कट्‌कन फुटली तर वाळली, चेपली तर अजून ओल आहे. कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा ८ ते १२ टक्के असते. ८ च्या वर भाव कापला जातो आणि १२ च्या वर कापूस घेत नाहीत. ओल्या कापसाची गाडी भरून नेली तर भाडं जातं आणि मालही परत येतो.

मका: कणसं भिजली असतील तर मळणीची घाई करू नका, आधी कणसं पसरून वाळवा. दाणे भिजले असतील तर दोन इंचांपेक्षा जाड थर देऊ नका. ओलावा बघायला काचेची कोरडी बाटली घ्या, त्यात मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, पोती भरू नका. हिरवी-काळी बुरशी आलेले दाणे कोंबड्यांना किंवा गाई-म्हशींना घालू नका. त्यातलं विष दुधातही उतरतं.

मिरची: पातळ पसरा आणि नरम, सडकी मिरची हाताने वेचून काढा. एक सडकी शेजारच्या दहा बिघडवते. देठ धरून हलवल्यावर आतलं बी खुळखुळलं की ती मिरची वाळली.

शेत: वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती कामाजोगी सुकेपर्यंत, काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नका. आता दाबलेली माती रब्बीभर घट्ट राहते. साचलेलं पाणी मात्र चर काढून त्याच दिवशी बाहेर काढा, हरभऱ्याला आणि कांद्याच्या रोपाला ते सोसत नाही. कांद्याचं रोप गादी वाफ्यावर असेल तर बराचसा धोका आधीच टळलेला असतो. दादर ज्वारीला, म्हणजे रब्बीच्या उभ्या ज्वारीला, हा पाऊस लाभतो, तिच्यात काहीही करायची गरज नाही. केळीला गारा लागल्या असतील तर पूर्ण फाटलेली, लोंबणारी पानं कापून बागेबाहेर काढा. घडावर जखमा झाल्या असतील तर करपा आणि बुरशीसाठी काय फवारायचं ते पालच्या किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्या. दुकानदार देईल ते मारू नका. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांकही आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

तपासणी: सलग तीन दिवस संध्याकाळी ढिगात हात घाला. पहिल्या दिवशी गार असलेला ढीग तिसऱ्या दिवशी तापू शकतो.

## टप्पा ८: पंचनामा आणि विमा

सरकारी मदतीसाठी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात, आणि ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असावं लागतं. ते येईपर्यंत नुकसान झालेलं पीक नांगरून टाकू नका. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदीत, तुमचं पीक लागलेलं नसेल तर अडचण इथे येते. सातबारावर कपाशी आणि रानात केळी, असं असेल तर वाद होणारच. ही नोंद ऑक्टोबरमध्येच तपासून ठेवा.

विम्याबद्दल बरेच लोक जुन्या माहितीवर चालतात. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याचं पीक कापून काढलेल्या उत्पन्नावर, नेली गेली. शेजाऱ्याला तीन वर्षांपूर्वी तक्रार करून पैसे मिळाले होते, म्हणून तुम्हालाही तसेच मिळतील असं धरू नका. आपली पावती काढा आणि त्यात कोणती जोखीम धरली आहे ते वाचा. केळीच्या हवामानावर आधारित फळपीक विम्यात गारपिटीचा वेगळा हप्ता भरला असेल आणि पावतीवरचा काळ गारांच्या तारखेला लागू असेल, तर ७२ तासांच्या आत पीकविम्याच्या १४४४७ या क्रमांकावर कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तास गारा पडल्यापासून मोजले जातात. 'सोमवारी बघू' म्हणत शनिवार-रविवार घालवला तर त्यातलेच ४८ तास गेलेले असतात.

## टप्पा ९: पावसामागून येणारी थंडी

झंझावात पुढे सरकला की आभाळ मोकळं होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि दोन-तीन रात्रींत पारा झपाट्याने उतरतो. पाऊस संपला म्हणून लोक सैल होतात ते नेमकं तेव्हाच. केळीच्या बागेला रात्री पाणी द्या, पहाटे बांधावर ओलसर काडीकचऱ्याचा धूर करा आणि उत्तरेच्या बाजूला जुन्या शेडनेटचा आडोसा लावा. ढगाळ दिवसांनंतर हरभऱ्यात घाटेअळी वाढते, म्हणून पावसानंतर आठवडाभर रोज सकाळी दहा-वीस झाडं वाकून बघा. कापसाचा उरलेला ढीग या थंड रात्रींत पुन्हा ओल धरतो. तो उघड्यावर ठेवू नका, संध्याकाळी पाचच्या आत ओसरीत घ्या.